इल्बर्ट विधेयक : वंश, लिंगभाव, कुटुंब आणि माध्यमे

कायद्यापुढे सर्व समान असावेत का, हा प्रश्न १८८३ साली कलकत्ता, म्हणजेच आजच्या कोलकाता शहरात तीव्रतेने उभा राहिला. त्यातून उद्भवलेल्या वादात समाजशास्त्रातील चार प्रमुख संकल्पना एकत्र पाहावयास मिळतात.

पार्श्वभूमी

१८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार मुंबई, मद्रास व कलकत्ता या इलाखा शहरांबाहेर युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवरील खटले चालविण्याचा अधिकार भारतीय न्यायाधिकाऱ्यांना नव्हता. त्यामुळे कलकत्त्यात गोऱ्या आरोपीचा न्याय करणारा भारतीय दंडाधिकारी जिल्ह्यात वरच्या पदावर गेला की तो अधिकार गमावीत असे. सनदी अधिकारी बिहारीलाल गुप्त यांनी १८८२ साली ही विसंगती सरकारच्या निदर्शनास आणली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या मंडळातील विधी सदस्य कोर्टनी इल्बर्ट यांनी ती दूर करणारे विधेयक फेब्रुवारी १८८३ मध्ये मांडले. २८ फेब्रुवारी रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये युरोपीय रहिवाशांची मोठी निषेध सभा झाली.

वंश

समाजशास्त्राच्या दृष्टीने वंश ही निसर्गदत्त प्रतवारी नसून समाजाने घडविलेली विभागणी आहे. गुप्त हे इंग्रज सहकाऱ्यांप्रमाणेच लंडनची स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले होते. तरीही अधिकाराची मर्यादा पात्रतेने नव्हे, तर जन्माने ठरत होती.

लिंगभाव

शारीरिक लिंग आणि समाजाने घडविलेला लिंगभाव यांतील भेद ॲन ओकली यांनी १९७२ च्या ग्रंथात स्पष्ट केला. विधेयकाच्या विरोधकांनी इंग्रज पुरुष मर्द, तर सुशिक्षित बंगाली पुरुष दुबळा, अशी प्रतिमा उभी केली. इतिहासकार मृणालिनी सिन्हा यांनी १९९५ च्या ग्रंथात या प्रतिमांची सविस्तर चिकित्सा केली आहे.

कुटुंब

आपल्या घरातील स्त्रियांना पडद्यात ठेवणाऱ्यांनी युरोपीय स्त्रीचा न्याय करू नये, असाही युक्तिवाद झाला. युरोपीय स्त्रियाही या आंदोलनात उतरल्या. अशा प्रकारे कुटुंबव्यवस्था सुसंस्कृतपणाचे मोजमाप ठरली. मात्र त्याच वर्षी कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू या कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. आणि ब्रिटनमधील स्त्रियांना संसदीय मतदानाचा हक्क १९१८ पर्यंत नव्हता.

माध्यमे

लोकांनी कशाविषयी विचार करावा हे माध्यमे ठरवितात, असा सिद्धान्त मॅक्सवेल मॅककोम्ब्स व डोनाल्ड शॉ यांनी १९७२ साली मांडला. 'इंग्लिशमन' या पत्राने विरोधाचे नेतृत्व केले. रॉबर्ट नाइट यांच्या 'स्टेट्समन'ने मात्र विधेयकाची बाजू घेतली. न्यायालयीन कार्यपद्धतीतील एक दुरुस्ती वृत्तपत्रांमुळे अस्मितेचा प्रश्न बनली.

परिणाम

जानेवारी १८८४ मध्ये तडजोडीचा कायदा झाला. भारतीय जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांना अधिकार मिळाला, परंतु निम्मे तरी सदस्य युरोपीय वा अमेरिकी असलेली ज्यूरी मागण्याची मुभा युरोपीय आरोपीस राहिली. संघटित आंदोलनापुढे सरकार नमते, हा धडा भारतीयांनीही घेतला. १८८५ साली मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक मानले जाते. फौजदारी कायद्यातील वांशिक भेद पूर्णपणे नष्ट होण्यास मात्र स्वतंत्र भारताचा १९४९ चा कायदा यावा लागला.