वेस्टमिन्स्टरचा मनोरा आणि साताऱ्याचे वकील

टेम्स नदीच्या काठीं उभ्या असलेल्या वेस्टमिन्स्टर राजवाड्याचें चित्र आपल्याकडील शाळकरी मुलांच्याहि परिचयाचें असतें. तीं टोकदार शिखरें, तें दगडी कोरीवकाम आणि तो घड्याळाचा उंच मनोरा पाहून ही वास्तु इंग्लंडच्या मध्ययुगापासून अशीच चालत आली असावी, असा समज होतो. आणि तो तसा व्हावा, हाच ती बांधणारांचा हेतु होता. वस्तुतः पुण्याचा शनिवारवाडा 1828 सालीं आगींत जळाला, तेव्हां या इमारतीचा पायाहि खणलेला नव्हता. तिचा जन्महि एका आगींतूनच झाला. गेल्या उन्हाळ्यांत पार्लमेंटची सुटी चालू असतांना ही वास्तु व तिचा मनोरा एका दिवसांत पाहण्याचा योग आम्हांस आला. त्या दिवशीं जें पाहिलें त्याहून जें आठवलें, तेंच येथें विशेषेंकरून सांगावयाचें आहे.

त्या आगीची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यांत शतकानुशतकें लांकडी काठ्यांवर हिशेब ठेवीत असत. रकमेप्रमाणें काठीवर खांचा पाडावयाच्या, मग ती उभी चिरून एक भाग देणाऱ्याजवळ व दुसरा घेणाऱ्याजवळ ठेवावयाचा; पुढें दोन्ही भाग जुळले कीं व्यवहार खरा. ही रीत 1826 सालीं बंद पडली, पण काठ्यांचे ढीग तसेच पडून राहिले. ता. 16 ऑक्टोबर 1834 रोजीं ते लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळावयास काढले. दुपारीं सभागृह पाहण्यास आलेल्या मंडळींना पायांखालची जमीन तापल्याचें जाणवलें, धूरहि दिसला. परंतु कोणीं तें मनावर घेतलें नाहीं. संध्याकाळीं ज्वाळा बाहेर पडल्या आणि रात्रीं अर्धें लंडन नदीकाठीं लोटलें. त्या गर्दींत चित्रकार टर्नरहि होता. त्या आगीचीं त्याचीं दोन तैलचित्रें पुढें प्रसिद्ध झालीं. जुनें दप्तर निकालांत काढण्याच्या नादांत घरच जळावें, हा प्रकार आपल्याकडील कचेऱ्यांनाहि अगदींच अपरिचित नसावा!

नवी इमारत गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन पद्धतीचीच हवी, अशी अट घालून नकाशे मागविण्यांत आले. आलेल्या 97 नकाशांतून 1836 सालीं चार्ल्स बॅरी यांची निवड झाली. आराखडा बॅरींचा खरा; परंतु भिंतींवरील रंगीत कागदापासून शाईच्या दौतींपर्यंत सारी सजावट ऑगस्टस प्युजिन या विलक्षण कारागिराची. मनोऱ्याचें रेखाटन हें त्याचें शेवटचें मोठें काम. 1852 सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं तो वारला. पुरा झालेला मनोरा त्यानें पाहिलाच नाहीं.

आगींतून वांचलें तें वेस्टमिन्स्टर हॉल. 1097 सालच्या सुमाराचें हें दालन. त्याचें ओक लांकडाचें छत चौदाव्या शतकाच्या अखेरचें, आणि एवढ्या विस्तीर्ण दालनाच्या मध्यें एकहि खांब नाहीं. पहिल्या चार्ल्स राजाचा 1649 सालचा खटला येथेंच चालला. आमचें मन मात्र रेंगाळलें तें वॉरन हेस्टिंग्जच्या खटल्यापाशीं. 1788 सालीं बर्कच्या वक्तृत्वानें सुरू झालेलें तें प्रकरण सात वर्षें चाललें आणि 1795 सालीं हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बर्कच्या या हिंदुस्थानविषयक आस्थेच्या मागें एक मराठी धागाहि आहे. 1781 सालीं राघोबादादांचे वकील हनुमंतराव आपल्या पारशी सोबत्यांसह लंडनला आले असतां बर्कनें त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरीं ठेवून घेतलें, आणि हनुमंतरावांना सोंवळ्यानें स्नान व स्वयंपाक करतां यावा म्हणून बागेंतील कांचगृह त्यांच्यासाठीं मोकळें करून दिलें.

त्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं दुसरे एक मराठी वकील या शहरांत उतरले. ते रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याच्या ज्या प्रतापसिंह महाराजांस इंग्रजांनीं 1818 सालीं स्वतःच गादीवर बसविलें, त्यांनाच पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा वगैरे आरोप ठेवून 1839 सालीं पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी विलायतेस गेले व सुमारें चौदा वर्षें तेथें राहिले. नव्या पार्लमेंटच्या बांधकामाची पहिली शिळा बसली ती 1840 सालीं. म्हणजे ही इमारत भुईंतून वर येत होती ते सारे दिवस हा मनुष्य लंडनमध्यें अर्ज लिहीत, छापवीत आणि वाटीत होता. जोसेफ ह्यूम यांनीं साताऱ्याचा प्रश्न कॉमन्स सभेंत काढला. हे ह्यूम 1803 च्या इंग्रज-मराठे युद्धांत कंपनीच्या फौजेबरोबर शस्त्रवैद्य म्हणून हिंडलेले. तेव्हां त्यांना या देशाची माहिती ऐकीव नव्हती. पण त्या वेळीं कॉमन्सचे सभासद आगींतून वांचलेल्या जुन्या भिंतींवर छप्पर घालून केलेल्या तात्पुरत्या दालनांत बसत. साताऱ्याची फिर्याद या देखण्या सभागृहानें ऐकलीच नाहीं. ती बाहेरच्या परांचीच्या ठोकाठोकींत ऐकली गेली व तशीच विरली. 1847 सालीं महाराज काशीस वारले, 1848 सालीं संस्थान खालसा झालें. मालकच उरला नाहीं, तरी वकिलानें वकीलपत्र खालीं ठेवलें नाहीं. 1853 च्या अखेरीस ते परतीच्या वाटेला लागले, तेव्हां मनोरा अपुरा होता. प्रबोधनकार ठाकरे यांनीं 1948 सालीं ही कथा ग्रंथरूपानें मराठी वाचकांपुढें ठेवली. एरवीं ती आपणही विसरलों असतों.

आज जें कॉमन्स सभागृह दाखवितात तें बॅरीचेंहि नव्हे. तें मे 1941 मध्यें जर्मन बॉम्बनें नष्ट झालें आणि नवें 1950 सालीं उघडलें. त्याच्या दारांसाठीं हिंदुस्थान व पाकिस्तान या दोन नव्या राष्ट्रांनीं देणगी दिली. सभासद 650, जागा मात्र 427. दादाभाई नौरोजी 1892 सालीं निवडून आले, तेव्हां ते बसले तें पूर्वींचें सभागृह.

दुपारीं आम्ही मनोरा चढलों. 2012 पासून त्याचें नांव एलिझाबेथ टॉवर. बिग बेन हें नांव खरोखर आंतील मोठ्या घंटेचें. 334 पायऱ्या अरुंद गोल जिन्यानें चढून जाणें आमच्या वयास मानवणारें नव्हे. पण वर गेल्यावर श्रमाचें चीज होतें. चारी तबकड्या प्रत्येकीं सुमारें सात मीटर व्यासाच्या, दुधी कांचेच्या 324 तुकड्यांनीं भरलेल्या. 2017 ते 2022 या काळांतील दुरुस्तींत कांट्यांवरचा व आंकड्यांवरचा काळा रंग काढून मूळचा गर्द निळा पुन्हा दिला आहे.

या घड्याळाची अट राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं घातली होती: तासाचा पहिला टोला एका सेकंदाच्या आंत बरोबर पडला पाहिजे. त्या काळीं हें अशक्यच मानलें गेलें. कारण एवढ्या उंचीवर वारा व बर्फ कांट्यांना रेटतात आणि तो रेटा चाकांवाटे लंबकापर्यंत जाऊन त्याची चाल बिघडवितो. एडमंड डेनिसन नांवाच्या एका भांडखोर बॅरिस्टरानें, जो घड्याळजी नव्हताच, असा रेटा लंबकाला लागूंच नये अशी युक्ति काढली. घड्याळ 1854 सालीं तयार झालें आणि मनोऱ्याची वाट पाहत पांच वर्षें कारखान्यांतच चालत राहिलें. लंबकाच्या माथ्यावर जुन्या पेनी नाण्यांची लहानशी चवड असते. एक पेनी वाढविली कीं घड्याळ दिवसाला दोन-पंचमांश सेकंद पुढें जातें, काढली कीं तितकेंच मागें पडतें. तें यंत्र पाहतांना आमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला चौदा वर्षें आठवल्यावांचून राहत नाहींत. एका पैशाच्या भाराची दखल घेणारी नजर या राष्ट्रापाशीं होती, हें त्यानें स्वतःच येथें सिद्ध करून ठेवलें आहे.

घंटेचें नशीब मात्र घड्याळासारखें नव्हतें. पहिली घंटा 1856 सालीं ओतली, ती दुसऱ्याच वर्षीं चाचणींत तडकली. तिची धातु वितळवून 1858 सालीं व्हाइटचॅपल येथें दुसरी केली. तिचें वजन सुमारें 13.7 टन. तीहि दोन महिने वाजते न वाजते तोंच तडकली. डेनिसननें घेतलेला हातोडा फार जड होता. चार वर्षें मोठी घंटा मुकी राहिली. शेवटीं एअरींनीं सुचविल्यावरून ती थोडी फिरवून हातोडा हलका केला, आणि तेव्हांपासून ती चिरेसकट वाजते. घंटाघरांत आम्हांला कानांत घालावयास बोळे दिले होते. तरीहि टोल्यांचा नाद छातींत घुमला, आणि त्यांतील तो किंचित् फुटका स्वर आम्हांस ओळखूं आला.

ती पहिल्यानें वाजली ता. 11 जुलै 1859 रोजीं. तेव्हां ज्या कंपनीविरुद्ध दाद मागावयाची तिचा कारभार संपून गेला होता. 1857 च्या साताऱ्याच्या कटांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम यांना देहान्ताची शिक्षा झाली होती. आणि खुद्द रंगो बापूजी वेष पालटून निघून गेले ते सरकारच्या हातीं कधींच लागले नाहींत.