घराण्याचं गाणं

श्रोतेहो, कीर्तनकाराच्या घरचं पोर बोलायच्या आधी झांज धरतं, हे आपण पाहिलेलं आहे. अमेरिकेत गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी असंच एक घर होतं. जोसेफ जॅक्सन कारखान्यात क्रेन चालवी. घरात निजायच्या खोल्या दोन, आणि मुलं नऊ! फावल्या वेळी तो भावाबरोबर गिटार वाजवी; पण त्यांचा ताफा काही नावारूपाला आला नाही. एकदा टिटोने बापाची गिटार चोरून वाजवली आणि तार तोडली. बाप संतापला, पण पोराचा हात पाहून थबकला.

मग जॅकी, टिटो, जर्मेन, मार्लन आणि मायकेल हे पाच भाऊ उभे राहिले. चर्चच्या भक्तिगीतांतली आर्तता ज्यात उतरली, ते कृष्णवर्णीयांचं गाणं म्हणजे सोल. त्यात ठेका वरचढ झाला, की फंक. १९६९ साली मोटाऊन कंपनीने त्यांना घेतलं. १९७० मध्ये त्यांची चार गाणी लागोपाठ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मायकेल तेव्हा अवघा अकरा-बारा वर्षांचा!

आता दुसरी बाजू पाहा. तालमीत वडील पट्टा घेऊन बसत, असं पुढे मायकेलनेच जाहीर सांगितलं. भावांनी कंपनी सोडली, तेव्हा ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव कंपनीकडेच राहिलं. जर्मेनही तिकडेच राहिला.

शिक्षकबंधूंनो, पोराचा गळा गोड निघाला तर त्याला अवश्य शिकवावं; पण त्याची खेळायची वेळ मात्र त्याचीच राहू द्यावी.