वाळूवरच्या बग्गीचे कापडी छत

ड्यून बग्गी जन्माला आली ती उघडीच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, विशेषतः पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर, हौशी लोक जुन्या मोटारींचे दरवाजे, मडगार्ड आणि टप उतरवून उरलेला सांगाडा वाळूत पळवत. वजन कमी तेवढी चाके कमी रुतत, म्हणून टप लवकर जाई. न्यूपोर्ट बीचच्या ब्रूस मेयर्सने बोटी बांधण्याच्या कामात फायबरग्लासवर हात बसवला होता. १९६४ मध्ये त्याने फोक्सवॅगन बीटलचे इंजिन घालून फायबरग्लासची ‘मेयर्स मॅन्क्स’ तयार केली. पहिल्या डझनभर गाड्यांनंतर बांधणी सोपी झाली. बीटलचा तळाचा सांगाडा साडेचौदा इंचांनी आखूड करायचा आणि त्यावर नवी बॉडी बसवायची. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ८० इंचांवर आले. दरवाजे नव्हते, पुढे एक सपाट काच, आणि वर आभाळ.

एप्रिल १९६७ मध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतील ला पास ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापून मोटरसायकलचा आधीचा विक्रम मोडला. त्याच वर्षी ‘मेक्सिकन १०००’ ही शर्यतही मॅन्क्सनेच जिंकली. बग्गीचा बोलबाला झाला, नकला निघाल्या, आणि लोक ती वाळवंटात आणि शहरातल्या रस्त्यांवरही चालवू लागले. टेकडीवर तासभर खेळणे वेगळे आणि माथ्यावर ऊन घेत दिवसभर चालवणे वेगळे. सावलीची गरज तिथे भासते.

सावलीसाठी कापडी छत कसे बांधावे, याचे ज्ञान आधीपासूनच दोन ठिकाणी होते. एक लष्करी जीप. महायुद्धातल्या विलीज जीपला लोखंडी कमानींवर ताणलेले कॅनव्हासचे हूड असे. पुढे ते काचेच्या चौकटीला अडके आणि मागे पट्ट्यांनी कड्यांत आवळले जाई. अशीच जीप पुढे मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला हे हूड वेगळे समजावून द्यावे लागत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे बोट. शिडाच्या कडेला शिवलेली दोरी डोलकाठीच्या खाचेत सरकवली की शीड कडेच्या पूर्ण लांबीवर धरले जाते, एका बिंदूवर ताण येत नाही. बग्गीच्या काही छतांची पुढची कड काचेवरच्या पन्हळीत अशीच बसते. बोटीवरच्या कापडी छताला बहामातल्या बेटांवरून बिमिनी म्हणतात. जीप आणि बग्गीच्या फक्त पुढच्या आसनांवर सावली धरणाऱ्या आखूड छताला अमेरिकेत बिकिनी टॉप हे नाव पडले.

छताचा खरा शत्रू ऊन नव्हे, वारा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ४८ किलो वजनाएवढा होतो. ५० किलोमीटरला तो चौथाईवर येतो, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. काचेवरून उसळलेली हवा छतावरून वेगाने जाते तेव्हा वर दाब कमी असतो. आतली हवा कापडाला खालून ढकलते आणि छत फुगते. पुढची कड एका जागी जरी सुटली तरी हवा तिथून आत शिरते आणि बाकीची बटणे एकामागून एक उघडत जातात. म्हणून पुढची कड सर्वांत भक्कम हवी.

बसवण्याचा क्रमही यातूनच ठरला. कापड आधी उन्हात पसरून ठेवायचे, कारण व्हिनाइल गार असताना आखडते आणि उबेत सैल होते. मग पुढची कड मध्यापासून दोन्ही बाजूंना बसवायची, त्यानंतर मागचे पट्टे रोलबारभोवती (आसनांमागच्या संरक्षक कमानीभोवती) घेऊन बकलात ओढायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर कापड तिरके बसते, म्हणून दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने. कडेचे बंद सर्वांत शेवटी. मागून फार ओढले तर काचेची चौकट मागे झुकते, तेव्हा चौकटीच्या आधाराच्या सळ्या आधी घट्ट हव्यात. नीट बसलेल्या छतावर बोटाने टिचकी मारली तर ताशासारखा आवाज येतो. सैल छत वेगात फडफडते आणि शिवण त्या फडफडीनेच झिजते.

टिचबटणांची गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. साधे टिचबटण कुठल्याही बाजूने ओढले तरी सुटते. अमेरिकेत ‘लिफ्ट-द-डॉट’ नावाचे बटण प्रचलित झाले, ते लष्करी सामानावर भरपूर वापरले गेले. ते तीन बाजूंनी अडकलेले राहते आणि ठिपक्याची खूण असलेली बाजू उचलली तरच उघडते. वाऱ्याचा ओढा अडकलेल्या बाजूने यावा असे ते लावायचे असते. उलटे लागले तर सगळा उपयोग गेला. बटणाची जागा कापड ताणून, खडूने खूण करूनच ठरवावी लागते. फायबरग्लासला भोक पाडताना वरचा चकचकीत थर तडकतो, म्हणून चिकटपट्टी लावून सावकाश छिद्र करतात आणि आतून रुंद वॉशर देतात, नाहीतर ताणाने स्क्रू बॉडीतून उपटून येतो.

छताचे तोटेही आहेत. दरवाजा नसल्याने माणूस कडेवरून पाय टाकून आत शिरतो आणि छत असले की त्याला अंग दुमडून उतरावे लागते. मागे उघड्या राहिलेल्या पोकळीत दाब कमी होऊन धूळ, इंजिनाची ऊब आणि धूर आत ओढला जातो.

कापडापेक्षा धागा आधी जातो. नायलॉनचा दोरा उन्हात कुजतो, म्हणून पॉलिएस्टरचा वापरतात. व्हिनाइलला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षांनुवर्षांच्या उन्हाने उडून जाते, कापड कडक होते आणि आखडून पुढच्या बटणांपर्यंत पोहोचेनासे होते. असे छत ओढून बसवू नये, ते फाटते. जुन्या गाड्या नीट करणारे कारागीर त्याच्या शिवणी उसवतात, तुकडे सपाट पसरतात आणि आखडलेल्या कडांना दोन-तीन सेंटिमीटर वाढवून नव्या कापडावर आखून घेतात.