हेड गॅस्केट बदलणे (घरगुती दुरुस्ती)

मोटारीच्या इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक आणि त्यावर बोल्टांनी आवळलेले हेड यांच्यामधील पातळ पट्टीला हेड गॅस्केट म्हणतात. एकाच सांध्यात तिला तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात : सिलिंडरातील जळता वायू, दाबाने वर चढणारे ऑइल आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी. यांतल्या कोणत्याही दोघांची गाठ पडली की ‘गॅस्केट उडाले’ असे म्हणतात. पूर्वीच्या गॅस्केटांत तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस भरलेले असे. नंतर ग्रॅफाइटची गॅस्केटे आली. अलीकडच्या बहुतेक मोटारींत पोलादी पत्र्यांचे अनेक पदर असलेली गॅस्केटे वापरतात.

गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. ते जाण्यामागे इंजिनाचे तापणे असते, आणि तापण्यामागे आणखी काहीतरी : बंद पडलेला पंखा, अडकलेला थर्मोस्टॅट, गळका वॉटर पंप, क्षार धरलेला रेडिएटर किंवा सैल पडलेले रेडिएटरचे झाकण. अनेक मोटारींत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान 80 अंश सेल्सियसने वाढले, तर 300 मिलिमीटर लांबीचे हेड सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते आणि तेवढ्याच लांबीचा ब्लॉक पाव मिलिमीटर. हा फरक गॅस्केट रोज सोसते. मात्र इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापले की बोल्टांनी जखडलेले हेड वाकते, आणि ते थंड झाल्यावर पूर्ववत होईलच असे नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांत या तापण्याला भरपूर निमित्ते आहेत. खंबाटकी, पसरणी, केळघर, कुंभार्ली हे घाट भरल्या गाडीने खालच्या गिअरमध्ये चढावे लागतात. इंजिन जोरात फिरते, पण गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा पुरत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे सुमारे 1,350 मीटरवर, उघड्या भांड्यातले पाणी 95-96 अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण चांगले असेल तर आतल्या दाबामुळे हा उत्कलनबिंदू 115 अंशांच्या पुढे जातो. म्हणून साध्या वाटणाऱ्या या झाकणाचे रबर तपासणे महत्त्वाचे. सांगलीच्या पूर्वेकडच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ तालुक्यांत उन्हाळा कडक असतो. कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतत राहिले की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात.

इंजिन खोलण्याची भीती या भागात तुलनेने कमी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसवली, तेथे नांगर आणि पुढे पंप तयार होऊ लागले. कोरेगाव तालुक्यातील सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा इंजिनांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. कारखाना पुढे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला. सांगलीत 1947 मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला नंतर वालचंदांचेच नाव मिळाले. विहिरीवरचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन बंद पडले की गावातच हेड उतरवायचे, गॅस्केट घालायचे आणि पाणी पुन्हा चालू करायचे, हे काम कित्येक शेतकऱ्यांनी स्वतः केलेले आहे. तो हात मोटारीलाही उपयोगी पडतो. फक्त मोटारीला तीन-चार सिलिंडर, टाइमिंग बेल्ट आणि कितीतरी बारीक वायरी असतात, त्यामुळे अंदाजाने आवळणे येथे चालत नाही.

निदान. पाणी बाहेर कुठे गळत नसताना कमी होणे, चालू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होणे, सायलेन्सरमधून थांबता न थांबणारा पांढरा धूर आणि डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, या मुख्य खुणा होत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी भरले, तर गॅस्केट त्या दोहोंच्या मध्ये जळालेले असण्याची शक्यता मोठी. रेडिएटरच्या तोंडावर धरायचे निळे रसायन जळालेल्या वायूने पिवळे पडते. ही चाचणी स्वस्त आहे आणि हेड उतरवण्याआधी ती करावीच.

फसव्या खुणाही ध्यानात घ्याव्यात. पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर थर जमतो. तो निव्वळ दमटपणाचा असू शकतो. कृष्णेच्या 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांसारख्या पुरात बुडालेल्या गाडीचे ऑइलही दुधाळ होते. तिथे गॅस्केटवर संशय घेण्याआधी पाणी आत शिरले आहे हे समजून घ्यावे. अशा गाडीला चावी मारूच नये. पाणी दबत नाही, आणि सिलिंडरात ते भरलेले असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

उतरवणे. इंजिन पूर्ण थंड हवे. गरम असताना बोल्ट सोडले तर चांगले हेडही वाकू शकते. बॅटरीची ऋण तार काढावी, कूलंट भांड्यात उतरवून घ्यावे. ते गोडसर आणि विषारी असते. अंगणात कुत्री, वासरे असतील तर ते गटारात किंवा उघड्यावर टाकणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणे होय. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा दाब आधी सोडावा लागतो. प्रत्येक वायर आणि नळी सोडण्यापूर्वी फोटो काढावा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून टाइमिंगच्या खुणा जुळवाव्यात, मगच बेल्ट सोडावा. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे करून सैल करावेत. काढलेले हेड फरशीवर पालथे ठेवू नये. उघडे व्हॉल्व्ह टेकले तर वाकतात.

चिकटलेले गॅस्केट प्लास्टिकच्या खरवडणीने काढावे. पॉलिश पेपर किंवा तारेचा चाक-ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवला की पृष्ठभागात खड्डे पडतात आणि कण ऑइलच्या वाटेत जातात. जुन्या गाडीचे गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे असू शकते, ते ओले करूनच काढावे. कोरडी धूळ फुप्फुसाला घातक आहे. ब्लॉकमधील बोल्टांची भोके कोरडी करणे अनेकजण विसरतात. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जातो.

मापणे व फेसिंग. सबंध कामाचा निकाल येथे लागतो. सरळ पोलादी पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फिलर गेज जातो का ते पाहावे. मर्यादा गाडीगणिक वेगळी असते. अनेक लहान पेट्रोल इंजिनांत ती 0.05 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला न दिसणारी आहे. हेड त्याहून वाकलेले असेल तर फेसिंगसाठी, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा सपाट करून घेण्यासाठी, वर्कशॉपमध्ये द्यावेच लागते. सातारा, कऱ्हाड, मिरज-कुपवाड या औद्योगिक वसाहतींच्या गावी हे काम करणारे सापडतात. त्याच वेळी दाबाखाली हेड तपासून तडे पाहून घ्यावेत. काही डिझेल हेडांना फेसिंग चालतच नाही. डिझेलमध्ये गॅस्केटची जाडीही पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो त्यावर ठरते, आणि ती कडेच्या खाचांनी किंवा भोकांनी दाखवलेली असते. हेड न मापता नवे गॅस्केट घालणे म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया घालवणे.

बसवणे. गॅस्केटवर वरची बाजू दाखवणारी खूण असते. ऑइलचे भोक झाकले जात नाही ना, हे दोनदा पाहावे. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल तर सीलंट लावू नये. बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत. आकडा त्याच इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला हवा, शेजाऱ्याच्या गाडीचा नव्हे. काही इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक अंशांनी आणखी फिरवायचे असते. असे बोल्ट ताणले जातात, म्हणून नवे घ्यावेत. टाइमिंग जुळवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठे अडला तर थांबावे, खुणा पुन्हा पाहाव्यात. तीच चूक ठेवून स्टार्टर मारला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात.

ऑइल व फिल्टर बदलून, कूलंट भरून आणि अडकलेली हवा काढूनच इंजिन सुरू करावे. पंखा आपोआप लागेपर्यंत काट्यावर नजर ठेवावी. जुन्या धर्तीच्या गॅस्केटांना काही दिवसांनी पुन्हा आवळणी सांगितलेली असते. पदरी पोलादी गॅस्केटांना बहुधा ती नसते. ज्या कारणाने इंजिन तापले ते दुरुस्त झालेले नसेल, तर पहिल्या घाटापर्यंतही भरवसा धरू नये.