बंडखोराचा भाऊ सरकारी दलात : अहमदनगरचे कोळी दल, १८५७ ते १८६१

१/
१८५७ च्या अखेरीस अहमदनगर जिल्ह्यात इंग्रज सरकारने महादेव कोळ्यांचे एक दल उभारले. त्याच्या अंमलदारांत राघोजी भांगरे यांचा भाऊ होता. अकोले तालुक्यातील देवगावच्या याच राघोजींना २ मे १८४८ रोजी सरकारने ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली होती. नऊ वर्षांत असे काय घडले? हा धागा त्याविषयी.

२/
प्रथम जुनी व्यवस्था पाहू. कंपनी सरकारपूर्वी गावाची राखण पाटील आणि जागले यांच्याकडे असे. जागले बहुधा भिल्ल, रामोशी वा कोळी. चोरी झाली की जागल्याने माग काढावा. माग शिवेपलीकडे गेला तर जबाबदारी पुढील गावाची, न गेल्यास भरपाई त्याची. त्याबदल्यात त्याला गावाकडून ठरलेला हक्क मिळे. येथे विश्वासाला कराराचे बळ होते.

३/
१८१८ नंतर हे हक्क आणि डोंगरी नाईकांचा मान हळूहळू आटत गेला. सह्याद्रीतील कोळ्यांच्या बंडांमागे हे एक मोठे कारण होते. सरकारला माणसे हवी होती, पण त्यांचा अधिकार नको होता.

४/
भागोजी नाईक हे याचे बोलके उदाहरण. हे भिल्ल नाईक पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होते. १८५५ मध्ये दंगा व पोलिसांना अडथळा या आरोपांखाली त्यांना एक वर्षाची कैद झाली. सुटकेनंतर चांगल्या वर्तणुकीचा जामीनही मागण्यात आला. पुढे निःशस्त्रीकरणाचा हुकूम निघाला आणि त्यांनी गाव सोडले.

५/
ते गाव नांदूर शिंगोटे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे. आज ते सिन्नर तालुक्यात आहे. परंतु नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला, तोवर हा मुलूख अहमदनगरचाच. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी तेथील चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारले गेले. जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाविरुद्ध उभा ठाकलेला माणूस एकेकाळी त्याच खात्यातला होता.

६/
हेन्रींच्या जागी कॅप्टन नटॉल आले. डोंगर जाणणाऱ्यांवाचून डोंगरात निभाव लागणार नाही, हे उघड होते. म्हणून कोळ्यांची भरती झाली. बांबळे कुळाचे प्रमुख जावजी नाईक यांना दलाचे मुख्य नेमले. भांगरे कुळालाही मानाच्या जागा दिल्या. दल पुढे सहाशेपर्यंत वाढले.

७/
नटॉल यांनी केवळ शिपाई भरती केले नाहीत. समाजाने मानलेल्या नायकांना अधिकार दिला. ज्या घराण्यांना सरकार कालपर्यंत संशयाने पाहत होते, त्यांच्याच हाती शस्त्र दिले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागरे येथे भागोजी मारले गेले आणि बंड संपले.

८/
मात्र याला निखळ विश्वास म्हणता येत नाही. कोळी आणि भिल्ल यांचे जुने वैर सरकारने हिशेबात धरले होते. एका समाजाला जवळ करून दुसऱ्यावर सोडणे ही राजनीती झाली. मार्च १८६१ मध्ये दल मोडले. काही जण पोलिसांत गेले, बहुतेक पुन्हा शेतीकडे आणि मोलमजुरीकडे वळले.

९/
पुढील पाऊल तर उलट्या दिशेचे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत आला. पारधी, कैकाडी यांसारख्या समाजांवर जन्मावरूनच शिक्का बसला. पोलिसांकडे हजेरी लावणे नशिबी आले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही.

१०/
१९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी संपवली. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याची जागा १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने घेतली. गाव आणि ठाणे यांमधला दुवा असलेला आजचा पोलीस पाटील कुळावरून नव्हे, तर नेमणुकीने येतो.

११/
इतिहासाचा निष्कर्ष माझ्या मते असा : स्थानिक माणूस भरती केल्याने विश्वास आपोआप येत नाही. भागोजीही स्थानिकच होते. त्या माणसाला मान, हक्क आणि दाद मागण्याची जागा मिळाली तरच तो टिकतो. आणि एका समाजाशी जोडलेला विश्वास दुसऱ्याच्या संशयावर उभा असेल, तर तो फार काळ तग धरत नाही.

आपल्या गावी जागल्याचे काम कोणत्या घराण्याकडे होते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि येथे अवश्य लिहा.