मोटारीच्या तापाचा इतिहास



वैशाख लागला, शाळांना सुटी पडली, म्हणजे शहरांतील कुटुंबें मोटारी घेऊन कोंकणांत, देशावर, देवदर्शनास बाहेर पडतात. आणि ह्याच दिवसांत घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून, वाफ सोडीत उभ्या असलेल्या गाड्या आपल्या नजरेस पडतात. मालक चिंतातुर असतो, मुलें तहानेलीं असतात, आणि भोंवतीं जमलेल्या मंडळींपैकीं प्रत्येकजण निराळें निदान सांगत असतो. एक म्हणतो, पाणी संपलें. दुसरा म्हणतो, पंप गेला. तिसरा म्हणतो, ऊनच असें आहे, त्याला कोण काय करणार! ह्या गलबल्यांत खरें कारण कसें ओळखावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि तो मी इतिहासाच्या मार्गानें मांडणार आहें. त्याचें कारण असें कीं, इंजिन थंड ठेवणारा प्रत्येक भाग हा कोणत्या ना कोणत्या जुन्या अडचणीचें उत्तर म्हणून जन्मास आला. आणि तो भाग बिघडला, म्हणजे नेमकी तीच जुनी अडचण परत येऊन उभी राहते.

प्रथम इंजिन तापतें कां, हें पाहूं. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांशच चाकें फिरविण्याच्या कामीं येते. एक तृतीयांश धुराबरोबर मागील नळीवाटें निघून जाते आणि उरलेली जवळजवळ एक तृतीयांश इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती तेथून काढून नेली नाहीं, तर तेल आपला गुण सोडतें, दट्ट्या सिलिंडरांत अडकतो आणि हजारों रुपयांचें यंत्र पांच-दहा मिनिटांत निकामी होतें. म्हणून मोटार जन्मली त्या दिवसापासून तिच्याबरोबर पाणीही आलें.

जर्मनींतील मानहाइम येथील कार्ल बेन्झ ह्यानें आपल्या तीन चाकी गाडीच्या पेटंटासाठीं २९ जानेवारी १८८६ रोजीं अर्ज केला. एक अश्वशक्तीहूनही कमी जोराच्या त्या इंजिनावर पाण्याची एक टांकी होती. तींतील पाणी उकळावयाचें आणि वाफ होऊन हवेंत निघून जावयाचें. पाणी उकळणें हा त्या काळीं दोष नव्हता. तीच योजना होती. एक ग्रॅम पाण्याचें तापमान एक अंश वाढविण्यास एक कॅलरी लागते, परंतु उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० कॅलरी लागतात. तेव्हां वाफेबरोबर पुष्कळ उष्णता जात असे आणि टांकींत पाणी आहे तोंवर इंजिन शंभर अंशांच्या फारसें वर जात नसे. अडचण एकच: पाणी सतत संपत असे. ऑगस्ट १८८८ मध्यें बेन्झची पत्नी बर्था हिनें ऑयगेन व रिशार्ड ह्या आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीस न सांगतां, मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें १०६ किलोमीटरांचा प्रवास केला. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. वाटेंत विहीर, ओढा, खाणावळ जें लाभेल तेथें थांबून तिला गाडीस पाणी पाजावें लागलें. आपल्या गाडींतील पाणी कमी झालें कीं आपणही बर्थाबाईंच्या काळांत जातों. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न हाच: पाणी पुरतें आहे काय, आणि नसल्यास तें गेलें कोठें?

पाणी पुन्हां पुन्हां वापरावयाचें, तर तें थंड करावयास हवें. ही विद्या डाइमलर कंपनींतील विल्हेल्म मायबाख ह्या कल्पक पुरुषानें पूर्णत्वास नेली. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीसाठीं त्यानें मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यांत सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहावयाचा आणि नळ्यांमधील अरुंद फटींतून पाणी उतरावयाचें. पाण्याचा वाऱ्याशीं स्पर्श इतका वाढला कीं केवळ नऊ लिटर पाण्यावर त्या जोरदार इंजिनाचें काम भागूं लागलें. रेडिएटरामागें मायबाखनें पंखाही बसविला. कारण गाडी हळू चालली म्हणजे समोरचा वारा मिळत नाहीं. आजच्या गाडीचा चेहरामोहरा ह्याच योजनेंतून आलेला आहे.

ह्या इतिहासांत निदानाचीं दोन मोठीं सूत्रें सांपडतात. गाडी रहदारींत उभी असतां तापते आणि मोकळ्या रस्त्यावर धांवूं लागतांच निवते, तर दोष पंख्याकडे पाहावा. धांवत्या गाडीस वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीस तो पंख्यानेंच आणावा लागतो. उलट, गांवांत ठीक असणारी गाडी घाट चढतांना किंवा भर वेगांत तापते, तर पंख्यास दोष देऊं नये. तेथें रेडिएटराच्या नळ्या गाळानें बुजल्या असतील, त्याच्या तोंडावर किडे व धूळ बसली असेल, अथवा पाणीच पुरेशा वेगानें फिरत नसेल.

पाणी फिरतें कसें, हा इतिहासाचा पुढचा अध्याय. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं बाजारांत आली. पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. नंतर तो काढून टाकण्यांत आला. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवलेलें जड होऊन खालीं उतरतें, हा शाळेंतील चंचुपात्राचा प्रयोग फोर्डनें इंजिनास लावला. १९२७ पर्यंत दीड कोट गाड्या निघाल्या, त्या बहुतेक सर्व ह्याच तत्त्वावर चालल्या. ह्या व्यवस्थेंत मोडावयासारखें कांहींच नव्हतें; परंतु पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली, कीं प्रवाह एकदम थांबावयाचा. शिवाय हा प्रवाह मंद. इंजिनांचा जोर वाढला, तसा पंप परत आला. आज पंपाचीं पातीं झिजलीं किंवा पट्टा घसरूं लागला, तर आपली नवी गाडी नाइलाजानें ‘मॉडेल टी’ होते, पण तिच्या इंजिनाची भूक मात्र कितीतरी मोठी असते. पंपाखालीं कूलंटचे थेंब दिसले, तर पंप आपली तक्रार स्वतःच सांगत आहे असें समजावें.

पंप आला, तेव्हां उलटी अडचण उत्पन्न झाली. थंडीच्या सकाळीं पाणी इतकें फिरे कीं इंजिनास हवी तेवढी ऊबही मिळेना. थंड इंजिन पेट्रोल जास्त खातें आणि लवकर झिजतें. म्हणून थर्मोस्टॅट नांवाचा द्वारपाल बसविण्यांत आला. पाणी सुमारें ८० ते ९० अंशांपर्यंत तापलें म्हणजे त्याच्यांतील मेण वितळून फुगतें व दार उघडतें. हा द्वारपाल दार बंद करून झोपला, तर गाडी निघाल्यावर कांहीं मिनिटांतच कांटा चढतो. इंजिन पोळत असतें आणि रेडिएटराकडे जाणारी नळी मात्र गारच राहते. आपल्याकडे कित्येक मिस्त्री ‘उष्ण देशांत ह्याचें काय काम?’ असें म्हणून तो काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे. पुष्कळ इंजिनांत तो काढल्यावर कांहीं पाणी रेडिएटरास वळसा घालून परस्पर परततें आणि रोग बरा होण्याऐवजीं वाढतो.

यापुढील पायरी आपल्या स्वयंपाकघरांतून समजण्यासारखी आहे. दनी पापँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाफ कोंडून अन्न शिजविण्याचें भांडें मांडलें. आजच्या प्रेशर कुकराचा तो पूर्वज. दाब वाढला, कीं पाणी शंभर अंशांस उकळत नाहीं. वातावरणाइतकाच आणखी दाब दिला, तर तें सुमारें १२० अंशांस उकळतें. हेंच तत्त्व पुढें रेडिएटराच्या झांकणांत आलें. त्या झांकणांतील स्प्रिंग दाब राखते. पाण्यांत एथिलीन ग्लायकॉल मिसळण्याची चाल १९२० नंतरच्या दशकांत पडली, ती मुख्यतः गोठण्यापासून रक्षण म्हणून; पण त्यानें उकळण्याचा बिंदूही कांहीं अंशांनीं वर जातो. झांकणाची रबरी चकती चिरली, तर बाकी सर्व शाबूत असूनही पाणी उकळून बाहेर सांडतें. दोष चार पैशांचा असतो आणि खर्च मात्र रेडिएटर बदलण्याचा होतो.

आपल्याकडील अनुभवही ह्याच क्रमानें बदलत गेला. कुर्ल्यास तयार होणाऱ्या फियाट, म्हणजेच पुढील प्रीमियर पद्मिनी गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. इंजिन मंद, तर पंखाही मंद. १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० गाडींत इंजिन आडवें बसविलेलें होतें, आणि रेडिएटराचा पंखा विजेवर चाले. पाणी तापलें कीं तो आपोआप सुरू व्हावयाचा. सोय मोठी झाली. पण फ्यूज उडाला किंवा तापमान सांगणारा स्विच बिघडला, तर पंखा निमूटपणें थांबतो. गाडी उभी असतां कांटा चढत आहे आणि पंख्याचा आवाज नाहीं, एवढ्या खुणेवरून हा दोष ओळखतां येतो.

आतां उन्हाळ्याचा हिशोब करूं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकूं शकेल, हें आंतील पाणी व बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असतें. पाणी ९५ अंश आणि पौषांतील हवा २० अंश, तर फरक ७५. वैशाखांत नागपूर-अकोल्याकडे हवा ४५ अंशांस पोंचते. मग फरक ५० उरतो. म्हणजे रेडिएटराची एक तृतीयांश शक्ति केवळ ऋतूनें हिरावून नेली. त्यांतच वातानुकूलनाची जाळी रेडिएटराच्या पुढें बसविलेली असते. ती आपली उष्णता त्याच वाऱ्यांत सोडते. निर्दोष गाडींत एवढी शिल्लक धरलेली असते. परंतु विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें ज्या रेडिएटरांत, चहाच्या किटलीप्रमाणें, खापरी धरली आहे, त्याची शिल्लक हिंवाळ्यांत कळत नाहीं आणि उन्हाळ्यांत एकदम संपते. उन्हाळा दोष उत्पन्न करीत नाहीं. तो लपलेला दोष उघडकीस आणतो. ‘ऊनच असें आहे’ असें म्हणून जो गप्प बसतो, तो सावकाराचा तगादा आला असतां दिवसच वाईट म्हणणाऱ्या माणसासारखा होय.

एक निदान मात्र गंभीर आहे. पाणी रोज घटतें, पण खालीं थेंबही पडत नाहीं. मागून पांढरा धूर येतो. पाण्याच्या बाटलींत बुडबुडे उठतात. तेल दुधाळ चहासारखें दिसतें. अशा वेळीं हेड गॅस्केट फुटल्याचा संशय धरावा आणि गाडी पुढें न चालवितां ओढून न्यावी. तसेंच, चढलेला कांटा अकस्मात् शून्याकडे उतरला तर आनंद मानूं नये. तापमान मोजणारा अवयव पाण्यांत बुडालेला असावा लागतो. पाणी निघून गेलें, तर तो खोटी साक्ष देतो.

शेवटीं जीविताची गोष्ट. तापलेल्या रेडिएटराचें झांकण कधींही उघडूं नये. आंत दाबाखालीं ११०-११५ अंशांचें पाणी असतें. दाब सुटतांच त्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ होऊन उसळतो आणि उघडणाराचे हात व चेहरा भाजून काढतो. कांटा चढूं लागला, तर प्रथम वातानुकूलन बंद करावें आणि गाडींतील ऊब देणारा हीटर पूर्ण सोडावा. तो एक छोटा रेडिएटरच आहे. तरी कांटा लाल रेषेस गेला, तर सांवलींत थांबून इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास वाट पाहावी. तापलेल्या इंजिनांत एकदम गार पाणी ओतूं नये. तापल्या कांचेवर पाणी पडावें तसे त्याच्या धातूस तडे जातात.

वाट पाहण्याच्या त्या अर्ध्या तासांत क्रमानें विचार करावा. पाणी घटलें काय? गाडी उभी असतां तापली, कीं चढणीवर? निघतांच तापली, कीं तासाभरानें? पंखा फिरत होता काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मिस्त्रीस नीट सांगितलीं, तर चांगल्या मिस्त्रीचें अर्धें काम होतें आणि वाईट मिस्त्रीस चार भाग उगीच बदलण्याची संधि मिळत नाहीं. बेन्झपासून आजपर्यंतच्या कारागिरांनीं एकेक अडचण सोसून एकेक भाग आपल्या हातीं दिला आहे. त्या प्रत्येकाचें काम ओळखणें, हेंच त्यांच्या श्रमाचें चीज करणें होय.