अलबेलातला ट्रंपेटवाला

'अलबेला' (१९५१) न पाहिलेला मराठी माणूस माझ्या पिढीत सापडणे कठीण. भगवानदादांचा तो नाच, अण्णा चितळकरांचा तो आवाज... पण त्यात पडद्यावर झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून एक बँड वाजवताना दिसतो. त्याचा म्होरक्या कोण, असे विचारले की चांगले दर्दीसुद्धा गप्प बसतात.

त्याचे नाव चिक चॉकलेट. हे अर्थात बँडवरचे नाव. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातले हळदोणे. पोर्तुगीज अमदानीत तिथे चर्चच्या शाळेत मुलांना पाच रेघांचे नोटेशन शिकवत. हेतू एवढाच, की प्रार्थनेच्या वेळी गायला-वाजवायला माणसे तयार व्हावीत. पण गोव्यात नोकऱ्या कुठे होत्या? तेव्हा ही लिपी शिकलेली मुले व्हायोलिन-ट्रंपेट घेऊन मुंबईला आली.

इकडे १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. गोवेकरांनी त्यांचे ऐकून जॅझ उचलला. चिकने गुरू मानला तो लुई आर्मस्ट्राँगला. तसाच ट्रंपेट, गाताना तोच घोगरा आवाज. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' हे बिरुद त्याला मिळाले आणि पुढे ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड वाजू लागला.

सी. रामचंद्रांनी त्याला आपला सहायक केले. आता सहायक म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. संगीतकार पेटीवर चाल सांगणार. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोनवाले समोर कागद असल्याशिवाय वाजवणार नाहीत. मग ती चाल पाच रेघांवर उतरवायची, कोणी कुठे शिरायचे, कोणी कुठे थांबायचे ते ठरवायचे. गोवेकर वादकांनी हे काम वर्षानुवर्षे केले. त्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या नाचगाण्यांना ओहोटी लागली, आणि सिनेमाच्या स्टुडिओंचा आधार जास्तच वाटू लागला.

श्रेयनामावलीत मोठे नाव मात्र संगीतकाराचे. वादकांची नावे तबकडीवरही नसत. अण्णांची प्रतिभा कमी लेखण्याचा माझा हेतू नाही (पुणतांब्याच्या या माणसाला लावणीपासून रंबापर्यंत सगळे वश होते!). पण 'अलबेला'तल्या त्या ठेक्याला आपण 'मराठी माणसाची कमाल' म्हणतो, तेव्हा त्यातला हळदोण्याचा वाटा गिळून टाकतो. आणि तो वाटा लहान नव्हता.

आमच्या मानपाड्याच्या बाजूला हळदीच्या रात्री ब्रास बँड येतो. ट्रंपेटवाल्या पोराने कधी 'अलबेला'तले गाणे काढले, की सत्तरीची मंडळीसुद्धा खुर्चीत पाय हलवू लागतात. पोराला सी. रामचंद्र हे नाव ऐकून माहीत असते.

१९५१ सालीच 'नादान' नावाचा एक चित्रपट आला, देव आनंद आणि मधुबालाचा. त्याला स्वतंत्र संगीत चिक चॉकलेटचे होते. संगीतकार म्हणून त्याचे बस्तान मात्र बसले नाही. पुन्हा सहायकी, पुन्हा ट्रंपेट. १९६७ साली तो गेला, तेव्हा नुकती पन्नाशी गाठलेली होती.